बापूंनी इंजिन उघडायला लावलं

तांडा, आर्णी
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय बादलभिया,

राम राम. याडी बरी आहे, तिचा गुडघा सोडून. बापू बरे आहेत, त्यांचा राग सोडून. तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. तू बरा असशील असं धरून चालते, कारण तू काही सांगणार नाहीस. झरी जामणीच्या त्या जंगलात टॉवर पोचत नाही, आणि पोचतो तिथे तू माझा फोन कापतोस. म्हणून पत्र. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस वाचतोच.

आता बातमी. खाली बसून वाच. आपली पिकअप लोहाऱ्याला पोचली.

हो, तीच. दोन वर्षं कडुलिंबाखाली उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि याडी रोज सकाळी दार उघडून ती गोळा करायची, जणू गाडी त्यासाठीच घेतली होती. गेल्या बुधवारी भंगारवाला आला. बापूंनी त्याला चहा पाजला, गाडीभोवती एक चक्कर मारू दिली आणि म्हणाले, "चहा झाला ना? आता जाय बाप्पा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शामले सांग, ट्रॅक्टर घेऊन ये. गाडी चालू करायची हाय."

मी चपला न घालताच पळाले.

शामकाकाने दोर बांधून ओढत नेली. मागे पिकअपच्या स्टेअरिंगवर मी. आर्णीपासून लोहाऱ्यापर्यंत दोर एकदाही ढिला पडू दिला नाही, विचार त्याला. तू गेल्यावर घरात ड्रायव्हर उरला नाही, तेव्हा बापूंचा नाइलाज झाला आणि गेल्या वर्षी मी लायसन काढलं. पहिल्यांदा स्टेअरिंग माझ्या हातात कोणी दिलं, हे मात्र अजून घरात कोणाला ठाऊक नाही.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इंद्रजितदादाचं वर्कशॉप आहे. त्याने ऑइलची पट्टी ओढली, नाकाशी नेली आणि बापूंना दाखवली. "तेलाचा चहा झाला, काका. पाणी मिसळलं. इंजिन आतून गेलं." मग दोन रस्ते सांगितले. एक, त्याच्याकडे अपघातातल्या गाडीचं कमी चाललेलं इंजिन पडून आहे, ते तसंच उचलून बसवायचं, चार दिवसांत गाडी दारात. दुसरा, आपलंच उघडायचं, सिलिंडर बोअर करायचे, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. पंधरा दिवस तरी.

मी जीव तोडून सांगितलं की तयार इंजिनच बसवा. बापू ऐकतील तर ना. "चार लाख ऐंशी हजार किलोमीटर ज्यानं वढलं, त्यालेच उभं करा." मी पुन्हा भांडले, वेळेचं सांगितलं, हंगामाचं सांगितलं. शेवटी इंद्रजितदादा हसला. "काय व, जुन्या इंजिनाचं एवढं कायचं भेव हाय तुले?"

उद्या हेड उतरवणार आहेत. मी जाणारच.

भिया, तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर त्या दिवशी काय झालं, ते मी विसरले असं समजू नकोस. घाटात इंजिन जाम झालं. बापूंनी सगळ्यांसमोर विचारलं की पाणी पाहिलं होतं का. तू म्हणालास, "सकाळी भरलं, बबिताले इचारा, तिच्यासमोर भरलं." आणि मी म्हणाले, "मले नाही मालूम." त्यावर बापू बोलले ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन गेलास. तुझा राग बापूंपेक्षा माझ्यावर जास्त आहे. त्याबद्दल लिहीन, पण आज नको. आज गाडीची गोष्ट चांगली आहे.

याडीने तिळाचे लाडू पाठवायला सांगितलेत. पोस्टातून चुरा होतील म्हणून मीच खाते.

तुझी,
बबिता


तांडा, आर्णी
७ फेब्रुवारी २०२५

बादलभिया,

पहिलं पत्र अजून तुझ्या हातात पडलंही नसेल. तरी हे लिहिते आहे. आधी ते वाच, मग हे.

हेड उतरलं. तू इतकी वर्षं गाडी चालवलीस, पण इंजिन उघडं कधी पाहिलंस? मी पाहिलं. हेड म्हणजे वरचं जाड झाकण, त्याखाली चार विहिरी आणि प्रत्येकीत एक पिस्टन. विहिरींच्या भिंती इतक्या घासल्या होत्या की बोट फिरवलं तर कड लागत होती. रिंगा चपट्या झालेल्या. मी हात काळे करून सगळं बघत होते आणि घाबरलेली असूनही मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू.

मग इंद्रजितदादाने हेड डिझेलने धुतलं, उन्हात नेलं आणि नखाने एक रेघ दाखवली. दोन व्हॉल्व्हच्या मधून आरपार गेलेला तडा.

"काका, हे नुसतं पाणी संपून नाही होत. तापलेल्या इंजिनात कोनंतरी थंडं पाणी वतलं. हेड तिथंच तडकलं. मंग नवीन पाणी भरा नाहीतर काही करा, ते तेलातच जाऊन राह्यलं."

बापूंचा चेहरा लाल झाला. "पाह्यलं? आधी तहानलं ठेवलं, मंग थंडं वतलं. पोट्ट्यानं दोनदा मारलं तिले."

भिया, माझ्यापुढे ताट वाढलेलं होतं. पुन्हा एकदा "मले नाही मालूम" म्हणायचं, की झालं. तुझ्या नावावर आणखी एक चूक चढली असती आणि तू तिथे नव्हतासच.

मी म्हणाले, "बापू, थे पाणी मी वतलं."

आता तुला सांगते, कारण हे बापूंच्या आधी तुला कळायला हवं होतं. घाटात गाडी बसली त्याच्या आदल्या दुपारी तू रात्रीची फेरी करून झोपला होतास. किल्ली खुंटीवर होती. तू मला शेतात चालवायला शिकवलं होतंस, पण शेतात तिसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही. मला चौथा टाकून बघायचा होता. एवढंच कारण. मी घाटापर्यंत गेले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, म्हणून मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलंच नाही. नाल्यापाशी बोनेटमधून वाफ आली. मला वाटलं, धापली. आपल्या घरात काय करतात तेच मी केलं. नाल्यातून दोन बकेटा भरल्या, एक रेडिएटरमध्ये आणि एक वरून इंजिनावर. ती शांत झाली. मी घरी आणली, चिखल पुसला, किल्ली खुंटीला लावली.

सकाळी तू माझ्यासमोर पाणी भरलंस. मी बघत होते. ओट्यावर मी "हो, भरलं" म्हणाले असते तर पुढचा प्रश्न होता, मग पाणी गेलं कुठे. तो प्रश्न माझ्यापर्यंत आला असता. मी भ्याले आणि तुला बुडवलं. याला दुसरा शब्द नाही.

बापू टायरवर बसले. तंबाखूची डबी उघडली आणि तशीच बंद केली. मी थपडेची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "कुठं तापली?"

"घाटाखालच्या नाल्यापाशी."

"थेथपर्यंत एकटीच नेली? कोनं शिकवलं?"

"बादलभियानं."

"अन् तापल्यावर थंडं पाणी वतावं, हे कोनं शिकवलं?"

मी म्हणाले, "तुमी."

खरंच आहे ना? पाठीवर माल वाहणारे लदेणीचे बैल जाऊन आपल्या घराला पिढ्या झाल्या, पण बापूंनी गाडीला बैलच मानलं. फेरीवरून आली की आधी तिच्या चाकांवर पाणी, मग स्वतःच्या पायांवर. "धापलेल्या जनावराले आधी पाणी, मंग मानसाले." हे ऐकतच आपण मोठे झालो. बापू बराच वेळ त्या तड्यावर बोट फिरवत राहिले. इंद्रजितदादा चहा सांगायला म्हणून बाहेर गेला तो परत यायलाच तयार नाही.

घरी याडीने विचारलं तर बापू म्हणाले, "इंजिन उघडलं."

तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर फोन घे. मी ऐकून घेईन.

बबिता


तांडा, आर्णी
२० फेब्रुवारी २०२५

बादलभिया,

चालू झाली.

हे आधी लिहायलाच हवं होतं, बाकीचं नंतर. काल दुपारी. बोअर झालं, लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवी, क्रँक घासून आला, आणि हेड त्या अपघातातल्या इंजिनाचं घेतलं. हेडचे नट मी स्वतः पान्याने आवळले, इंद्रजितदादा क्रम सांगत होता, मधून बाहेर, मधून बाहेर. पहिल्या सेल्फला नुसती कुरकुर. दुसऱ्याला शिंक. तिसऱ्याला पेटली. काळा धूर निघाला, मग पांढुरका, मग काहीच नाही, आणि आवाज असा एकसारखा की मी बोनेटवर हात ठेवून उभीच राहिले. मी रडले. इंद्रजितदादा म्हणाला, "धूर गेला डोळ्यात," आणि मी "हो" म्हटलं.

आता दुसरी गोष्ट. १५ तारखेला सेवालाल महाराजांची जयंती झाली. भोग लावून झाला, सगळा तांडा बसलेला होता. मी उठून नायकाच्या ओट्यावर गेले. आवाज बरा निघाला. म्हणाले, बादलभियानं त्या सकाळी पाणी भरलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि इथेच खोटं बोलले होते. गाडी मी तापवली, पाणी मी वतलं. बाया कुजबुजल्या. बसंतीकाकू म्हणाली, "पोट्टीच्या हातात गाडी द्याच कायले." ते मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली.

भीमसिंग नायक बापूंकडे वळून म्हणाले, "पोरीनं आपलं सांगतलं. पूनमसिंग, आता तुझा बोल?"

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. चारचौघांत टाकलेला बोल घरात बसून मागे घेता येत नाही. त्याच ओट्यावर घ्यावा लागतो, आणि ज्याला बोललो तो समोर लागतो. बापू तुला तिथेच म्हणाले होते, "जो जनावर तहानलं ठेवून हाकते, तो लदेणीवाल्याचा नाही, माह्या घरचा नाही." आता बापू उभे राहिले, टोपी काढली. "मी चुकलो, हे मले मालूम हाय. पण ज्याले बोललो तो कुठं हाय? मी हे कोनाले सांगू?" आणि खाली बसले. भिया, बापूंना इतक्या लोकांत खाली मान घालून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून आम्ही तुला न्यायला येतोय. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी निघू. गाडी मी चालवणार, बापू शेजारी. ठरवताना बापू म्हणाले, "तू लिव्ह त्याले. नाही म्हणला तर मी गाडीतूनच त्याले पाहतो, खाली उतरत नाही. पण एकदा पाहीन." नंतर मला विचारलं, "हे पण लिव्हलं का?" मी म्हटलं, हो. "मंग खोड." मी खोडलं नाही.

मी माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि इतक्या स्वस्तात मला सुटायचं नाही. ओट्यावर माझ्याकडे बघून पुन्हा तेच विचार, पाणी भरलं होतं की नाही. सगळ्यांसमोर विचार.

इंद्रजितदादाने ताकीद दिली आहे की नवीन काम आहे, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही आणि मागे एक पोतंही टाकायचं नाही. मी विचारलं, येताना केबिनमध्ये दोनाची तीन माणसं झाली तर? तो म्हणाला, "तिसरा बसला तर आनखी हळू चालव. घरी जायची कायची घाई?"

गुरुवारी तुझ्या दारात हॉर्न वाजवणारी, तुझ्यावर खोटा आळ येऊ दिलेली, तुझी बहीण,
बबिता