सुमीचे तळवे

शुक्रवार संध्याकाळ, सलमाबाद (आखात)

म्हणजे परत माझंच चुकलं! धाकट्या सुमीला गावच्या खाडीत होडी वल्हवायला मी शिकवलं, म्हणून तिच्या हाताला घट्टे. बाबा फोनवर ओरडले, "तूच शिकवलंस तिका!" स्थळाकडून तिला बघायला आलेल्या बाईंनी म्हणे तिचे तळवे उलटून बघितले, आणि विचारलं, "हात पोरीचे की खलाशाचे?"

सुमीने एका जर्मन बाईचा व्हिडिओ पाठवलाय. वल्हवण्यात जगज्जेती. लहानपणी क्लबात गेली, पाठ दुखावून दोन वर्षं घरी बसली, परत येऊन जिंकली. आता निवृत्त होतेय. शेवटी हसत तळवे दाखवते. तसेच घट्टे! तिचे हात कुणी उलटून बघितले असतील का?

खाली सुमीने लिहिलंय, "दादा, पुण्याच्या वल्हवण्याच्या शिबिरात माझी निवड झालीय. बाबांना तूच सांग." मी फोन केला तो त्यासाठीच. पण बाबा म्हणाले, "मुलगो तयार आसा. फक्त वल्ह्याक हात लावूक देऊ नको म्हणतत. साखरपुडो उरकून घेवया." मी काय म्हणालो? "बरं." एवढंच. शिबिराचं नावही काढलं नाही. सुमीला काय सांगू?

तिच्या शिबिरासाठी बाजूला ठेवलेले पैसे उद्या साखरपुड्याला पाठवतोय. एकशे ऐंशी दिनार.