पतीच्या संमतीचा रकाना

३ जाने. ७७, सोम.
सांगलीच्या कोर्सचा पहिला दिवस. परदेशातल्या मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं, ते तीन महिन्यांत शिकवणार. वर्गात नऊ जण, बाई मी एकटी. शाळेने बिनपगारी रजा दिलीय. इस्लामपुरातून सकाळी सातची एसटी, संध्याकाळी परत. नायजेरियात शिक्षक हवेत, त्यांना हे सर्टिफिकेट लागतं. जायचंय. ह्यांचा मिलिटरीचा ट्रक काश्मिरात दरीत गेला त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरले की सगळे हळू बोलतात. तिथे मोठ्याने बोलतील, एवढंच.

१९ जाने., बुध.
वर्गात मराठी बंद. शब्दाचा अर्थ चित्र काढून सांगायचा. मला 'रडणे' आलं. फळ्यावर बाई काढली, डोळ्यांखाली थेंब. शिकवणारे जोशी सर म्हणाले, पाऊस वाटतोय. सगळे हसले. मीही हसले, बहुतेक.

८ फेब्रु., मंगळ.
आत्याबाईंना आज सांगून टाकलं. सुनेने घर सोडून जायचं म्हणजे... मुलगा एकच होता त्यांना. घरात आम्ही दोघी आणि म्हैस.
"लय लांब हाय व्हय त्ये?"
विमानाने जावं लागतं, म्हटलं.
"आन् यस्टीनं?"
एसटी जात नाही तिकडे, म्हटलं. मग त्या धार काढायला गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ मार्च, शुक्र.
तोंडी परीक्षा. परीक्षक एक म्हातारे गोरे साहेब. शेजारी जोशी सर. घरी कोण कोण असतं, साहेबांनी विचारलं. सासूबाईंचं सांगितलं. आणि पती? मनात आलं, हे गेले. तोंडातून आलं, माय हजबंड हॅज गॉन. कुठे गेलेत? साहेबांना माझं कपाळ वाचता येत नव्हतं. काश्मीरला, म्हटलं. परत कधी येणार? पुढच्या महिन्यात. पूर्ण वाक्यात, न अडखळता. साहेब खूश.
बाहेर आल्यावर सर खालमानेने म्हणाले, "बाई, हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून यायचाय. वारला त्याला डाइड."
माहीत आहे. सातवीला मीच शिकवते. तो शब्द आला नाही.
एसटीत वाटलं, घरी जाऊन आत्याबाईंना सांगावं, पुढच्या महिन्यात येताहेत म्हणून. मग माझीच मला भीती वाटली.

१४ एप्रिल, गुरु.
पास. साहेबांनी नोकरीसाठी शिफारसही केली, पण शेऱ्यात 'पती लष्करात, काश्मीर'. म्हणून फॉर्मला पतीच्या संमतीचा कागद जोडून आलाय. वर त्यांचं नाव लिहायचं, खाली त्यांची सही. परीक्षेत खोटं बोलले हे कबूल करावं तर नोकरी जायची. न करावं तर सही कुठून आणू? सर म्हणतात, नावाआधी 'लेट' लिहा, साहेबांना मी समजावतो. समजतील की नाही, देव जाणे.

१७ एप्रिल, रवि.
सकाळी आत्याबाईंना फॉर्म वाचून दाखवला. ह्यांच्या नावाआधी लेट लिहायचंय, म्हटलं.
"लेट? यस्टीवानी?"
समजावून सांगणार होते. त्यांनीच हाताने थांबवलं.
"ठावं हाय मला. पेन्शनीच्या कागदावरबी त्योच शबूद हुता. पोस्टमननं वाचला, आन् येवढं सगळं हून गेल्यावरबी मनात आलं बग, लेट तर लेट, येऊ दे."
ह्यांच्यामागे दीड वर्ष आम्ही दोघीच एका घरात राहतो, आणि हे मला माहीत नव्हतं.
मग म्हणाल्या, "दे हिकडं कागद. त्यो न्हाई तर मी देतो की अंगठा."
माझ्या पेनातली शाई त्यांच्या अंगठ्याला लावली. रकान्यात ठसा जरा फरकटला. सासूचा अंगठा तिथे चालायचा नाही, पण त्यांना सांगितलं नाही. न्हाणीत जाऊन रडले, पुष्कळ.
ह्यांचं नाव माझ्या हाताने लिहिलं, ते गेल्यापासून पहिल्यांदाच. नावाआधीची जागा अजून कोरी आहे. टपाल उद्या अकराला निघतं.