चौरस्त्यावरचा जुना हौद

२ बहमन १३५३ फसली (डिसेंबर १९४३), सोमवार
आज पुन्हा. अक्कलकोट वाटेनं आलेली कडब्याची गाडी न् सोलापूरची लॉरी. माणूस वाचला, बैलाचं शिंग मुळापासून गेलं. दिवाळीपासून नळदुर्गच्या या चौरस्त्यावर ही चौथी खेप. लढाई सुरू झाल्यापासून लॉऱ्या नुसत्या उधळल्यात. पण लॉरीवाल्यांना शिव्या देऊन काय होतंय? चार वर्षांखाली चौरस्त्याचा नक्शा मीच काढला. ओव्हरसियर म्हणून सही माझी. पौषी पुनवेला खंडोबाची जत्रा. हजारानं गाड्या येतील. जेवण गेलं नाही.

५ बहमन, गुरु.
नवा नक्शा दाखवला. मधोमध गोल ओटा, कडेला चुन्याचे दगड, चारी बाजूंना पाट्या. मोठे साहेब म्हणाले, "जत्रा के पहले होना. बस." मंजूर!

९ बहमन, सोम.
ओटा झाला, पाट्या लागल्या. गाड्या होत्या तशाच आडव्या घुसतायत. मेहबूबभाई पाटीखाली उभं राहून पोट धरून हसले. राहतात इथंच नळदुर्गात, माकणीचा कापूस सोलापूरला वाहतात, वयानं मला थोर, लहानपणी मला गाडीवर बसवून न्यायचे. म्हणाले, "ओव्हरशेर, ही मला वाचता येत न्हाय, माझ्या शेरूला कुठनं यील?"
राग आला. मग वाटलं, खरंच की.

११ बहमन, बुध.
पहाटेपासून चौरस्त्यावर बसलो. उजाडता उजाडता मे.भाईंची गाडी आली. शेरू न् तांबडा आपल्या अंगानं नीट येत होते. ओट्यापाशी आले न् भसकन उजवीकडं वळले, रस्ता कापून पलीकडच्या हौदाला लागले. गाडीचं बूड रस्त्यातच. मे.भाई आत घोंगडं पांघरून गाढ!
हलवून उठवलं. "गाडी म्या कुठं हाकतो? माकणी सोडली की निजतो. बैल थांबले की समजतो, हौद आला. ते पिऊस्तवर पडून ऱ्हातो."
त्यांच्यामागच्या सात गाड्या तशाच. सातही गाडीवान झोपलेले. गाडी बैल चालवतात न् बैलांना पाणी चालवतं. हा हौद लहानपणापासून बघतोय मी! नक्शात त्याला साधं चौकोनी टिंब केलं होतं. धन्य माझी.

१७ बहमन, मंगळ.
चौरस्त्याच्या अलीकडं, गाड्यांच्याच अंगाला, नवा हौद. गवंड्यानं सहा दिवसांत उठवला. आज भरला. एकाही बैलानं ढुंकून पाहिलं नाही. सगळे जुन्यावर.
मे.भाई : "असं कसं वळतील? नव्यापाशी मूठमूठ पेंड टाका. जुन्यातलं पाणी रोज वीतभर कमी करा. पंधरा-वीस दिस लागतील. पर जुना मोडू नका बरं का. बैल आला न् हौदच न्हाय म्हटल्यावर त्यो जागचा हलत न्हाय."
"नाही मोडत," म्हणालो.

२४ बहमन, मंगळ.
पेंडीची टोपली घेऊन मीच उभा राहतो. आज दहातले चार बैल वळले. तांबडा वळतो, शेरू ओढ घेतो. घरी सांगितलं तर सुमन म्हणाली, "माणसांना शिकवून दमलात, आता बैलांची शाळा!" किती दिवसांनी घरात हसलो.

२९ बहमन, रवि.
दहातले सात. शेरूसुद्धा वळला. मे.भाई नव्या हौदापाशी जागे झाले न् मलाच सलाम ठोकला. आता माकणीहून कापूस भरून जत्रेच्या आधी पुन्हा येणार.

१ इस्फंदार, मंगळ.
साहेबांची पाहणी. ओटा पसंत, नवा हौद पसंत. जुन्याकडं काठी करून विचारलं, "ये अब्बी तक कायकू?"
सांगायचं होतं, अजून आठ दिवस द्या. एवढंच वाक्य. पण सगळे बघत होते, चौरस्ता देखणा दिसत होता... "कल निकाल देता, साब." हे माझ्या तोंडून गेलं. त्यांनी तोडा म्हटलंही नव्हतं.

२ इस्फंदार, बुध.
दुपारी जुना हौद पाडला. नाक्यावर येईल त्या गाडीवानाला सांगायला शिपाई बसवला. मे.भाई कापूस भरायला माकणीला गेलेले. उद्या कुणाहाती निरोप धाडीन.

३ इस्फंदार, गुरु.
दिवसभर जत्रेच्या वाटा आखल्या. निरोप राहिला. उद्या नक्की.

५ इस्फंदार, शनि.
लिहवत नाही. लिहितो.
काल पहाटे शिपायाचा डोळा लागला. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं. शेरू न् तांबडा सवयीनं जुन्या जागी आले. ढिगाऱ्यापाशी अडले न् रस्त्यातच मान खाली घालून उभे राहिले. धुकं होतं. लॉरीवाला म्हणतो, दिसलंच नाही.
शेरू जागीच गेला. मे.भाई चाकाखाली. उजवा पाय मांडीपासून... शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "बैल थांबले व्हते की. म्या म्हटलं, पित्यात."
निरोप राहिला हो, असं मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.

६ इस्फंदार, रवि.
परवाच त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात पोचवलं होतं, आज पुन्हा बघून आलो. डॉक्टर म्हणाले, पाय राहील का नाही, आत्ताच सांगता येत नाही. ताप उतरला तर माणूस राहील.
परत आल्यावर मे.भाईंच्या घरी, जैनबभाभींकडं गेलो. त्यांनी चहा ठेवला. "तुम्ही परवापासून काय खाल्लं का न्हाय?" थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

७ इस्फंदार, सोम. पौषी पुनव.
जत्रा. पहाटे तीनपासून ढिगाऱ्यावर उभा. हातात सुमनचं लाल लुगडं न् कंदील. आडवा येईल त्या बैलाचं शिंग धरून नव्या हौदाकडं वळवला. घसा बसला. दुपारी एका लॉरीवाल्यानं ब्रेक मारला न् विचारलं, "मरना है क्या?" पुढच्या बैलाचं शिंग धरलं.
एकालाही खरचटलं नाही. साहेब खूश.

९ इस्फंदार, बुध.
अपघाताच्या अहवालाचा मसुदा कचेरीतून आला. कारकुनानं आधीच लिहून ठेवलंय : 'गाडीवान निद्रिस्त होता.' खोटं नाही. 'कसूर' पुढं नाव मी घालायचं न् सही करायची. मे.भाईंचं घातलं की त्यांना सरकारातून दमडी नाही. माझं घातलं की नोकरी गेली. सुमनला विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "हौद पाडताना मला विचारलं होतं?"

१० इस्फंदार, गुरु.
सोलापूरचा निरोप नाही. ताप आहे की उतरला, काहीच कळत नाही.
सकाळी जैनबभाभी एकट्या तांबड्याला घेऊन पाण्यावर आल्या. नव्या हौदापाशी कासरा ओढला. आला नाही. रस्ता कापून थेट ढिगाऱ्यापाशी गेला न् उभा राहिला, डाव्या अंगाला शेरूची जागा मोकळी सोडून. मी बादली भरून पुढं धरली. हुंगली. प्याला नाही.
भाभी म्हणाल्या, "असू द्या. दमानं पील."
तिथंच बादली ठेवून कचेरीत आलो. अहवाल समोर आहे. 'कसूर' पुढची जागा कोरीच आहे. डाक दहाला निघते. साडेनऊ झालेत. टाक बुडवला, तो वाळला. पुन्हा बुडवलाय.