दत्ताच्या फोटोत कॅमेरा न्हाई

मंगळवार, संध्याकाळ. वाटूर.

दत्ता जाऊन सहा दिवस झाले. आज वहिनींचा फोन आल्ता. "भाऊजी, तेरवीला लावायला ह्यांचा फोटो द्या. हातात कॅमेरा असलेलाच द्या, त्याच्याबिगर ते वाटतच न्हाईत."

बारा वर्षं दोघांनी मिळून लग्नाच्या ऑर्डरी केल्या, कायम दुसऱ्यांचेच फोटो काढले. माझ्याकडं त्याचा एकच. कुंभार पिंपळगावच्या लग्नात काढलेला.

तो त्याच्या कॅमेऱ्याच्या कंपनीवर जीव टाकायचा, मी माझ्या. त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसायची न्हाई, माझी त्याच्या. भांडण रोजचंच. त्या दिवशी म्हणला, "काढ फोटो, पण कॅमेऱ्यावरचं नाव बराबर आलं पाह्यजे."

"तुझ्या डबड्याची जाहिरात मी करू का?" म्हणून मी मुद्दाम छातीपर्यंतच फ्रेम धरली. किती हसलो आम्ही.

आता तोच फोटो उघडून बसलोय. खांदे दिसतात, हसू दिसतं. हात न्हाईत. मोठा करून, खालीवर सरकवून बघितला. येडा झालो का मी? तिथं हात येणार कुठून?

वहिनींना काय सांगू? दत्ताचे हात मीच कापले, एका नावापायी.