पांढरी टाकलेली जमीन

चिखली,
१२ जानेवारी १९७४

ती. शेषकाका,

तुम्हाला व काकूंना वाकून नमस्कार. काकूंनी पाठवलेले तीळ पोचले. संक्रांतीला मला येता येणार नाही, रजा नाही. खोली बरी आहे. विहिरीचं पाणी मचूळ, पण डाळ शिजते.

खामगावच्या स्थळाबद्दल तुम्ही लिहिलंत की मुलाला ओव्हरसियर मुलगी चालेल. 'चालेल' हा शब्द मी दोनदा वाचला. उत्तर सवडीने देईन.

आता घरांविषयी. गावातल्या बेघर मजुरांच्या बारा घरांसाठी मी मारुतीमागचं टेकाड मोजलं होतं. जमीन सरकारी, आणि हातभर खणलं की मुरूम लागतो. गेल्या महिन्यात आमच्या साहेबांनी सांगितलं की जागा बदलली. घरांच्या समितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही नाल्याकडच्या आपल्या वावराचा तुकडा दान दिला, आणि टेकाड गुरांना चरायला ठेवलं. तुमचा सत्कार झाला, हेही कळलं. अभिनंदन.

ती जमीन काळी आहे, काका. मी खड्डा घेऊन पाहिला. पुरुषभर खोल गेलं तरी काळीच. पावसात ती फुगते, उन्हात फाटते, आणि मंजूर झालेला पाया जेमतेम गुडघाभर. मी साहेबांना लेखी कळवलं. त्यांनी वाचलं आणि चहा मागवला.

मागच्या रविवारी मी आले, तेव्हा पडक्या गढीची पांढरी माती गाड्यांनी आणून तुम्ही त्या तुकड्यावर पसरवत होता. काळीत पेरायचं आणि पांढरीवर राहायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच तर घरं मिळणारे निवृत्ती आणि बाकीचे मजूर कुरकुरत होते. मग तुम्ही नारळ फोडलात. "घ्या, गावाची पांढरी टाकली. आता हे वावर नाही राह्यलं, गाव झालं." ज्या निवृत्तीचा सर्वांत जास्त विरोध होता, त्यानेच खाली वाकून ती माती कपाळाला लावली.

मी म्हटलं, वर वीतभर पांढरी टाकली तरी घर उभं राहणार खालच्या काळीवर. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोरी, तुह्या बुकात नारळ नसंन." लोक हसले. सोजराबाईही हसली. स्वतःचं घर मिळणार म्हणून तिला आता काहीही गोडच लागत होतं.

ती इतकी वर्षं आपल्या गोठ्याच्या छपरीत राहते. भाडं नाही, असं तुम्ही चारचौघांत सांगता. पण दिवस उगवायच्या आत शेण काढायचं, आणि दुसऱ्याच्या वावरात पाऊल टाकायचं नाही. गेल्या कापूसवेचणीला ती नारायणरावांकडे गेली, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून. संध्याकाळी परतली तर तिची भांडी बाहेर रस्त्यावर होती. तेव्हा मी घरातच होते. ती भांडी पाहिली आहेत मी.

पाया अजून खणलेला नाही. टेकाड जागेवरच आहे. विचार करावा.

तुमची
अन्नपूर्णा


चिखली,
२७ मे १९७४

ती. काका,

नमस्कार. पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक देऊन पाहावा.

घरं फाटली यात कोणाचा दोष नाही, उन्हाळाच तसा होता, असं तुम्ही लिहिता. रविवारी मी बाराही घरं पाहिली. जमिनीला पडलेल्या भेगा सरळ भिंतीत चढल्या आहेत. निवृत्तीच्या घराचं दार लागत नाही, गीताबाईच्या घराचं उघडत नाही. गीताबाई आणि सोजराबाई यांची भिंत एकच. तिच्यातून माझा हात पलीकडे गेला.

"बरं झालं बाई," सोजराबाई म्हणाली, "आता गीतीले इचारा लागत नाही, का शिजवलं म्हणून. दिसतेच."

"अन् हिच्या घरी रोज बेसनच दिसते," गीताबाई पलीकडून ओरडली.

दोघी खूप हसल्या. मग सोजराबाईने आपली पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. पाऊस तोंडावर आला आहे, त्या भिंतीखाली ती निजणार कशी? मी तिच्यासोबत आपल्या दारापर्यंत आले. तुम्ही ओसरीवर होता. "ये," म्हणालात, "माह्या गोठ्याची छपरी कोठी गेली नाही." आणि बसलेल्या माणसांकडे वळून म्हणालात, "पक्कं घर देल्लं, तं याइले राह्यताच येत नाही."

हेही मी ऐकून घेतलं असतं. पण जेवताना माझ्या ताटात वरण वाढत तुम्ही बोललात. अगदी मायेने बोललात, म्हणून शब्द न् शब्द लक्षात राहिला. "साऱ्याइले घरं झाले, तं सकाळी आपल्या दारात कोन यीन? तूच सांग. यीन काय कोनी?"

तोपर्यंत मला वाटत होतं, काळीत घर टिकत नाही हे तुम्ही विसरलात. जी जमीन तुम्ही जन्मभर नांगरली, ती मी तुम्हाला समजावून सांगत होते.

मी ताटावरून उठले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुले शिकवलं ते याच्यासाठी काय?"

तुम्ही मला शिकवलंत. अमडापूरच्या बाजारात लोक अजून तुमचं नाव काढतात, भावाच्या पोरक्या पोरीसाठी इतकं कोण करतो म्हणून. बाबांच्या माघारी त्यांच्या हिश्श्याचं वावर तुम्हीच पेरता आहात, आणि आई गेल्यापासून त्याची वारस मी एकटी आहे, हे त्यात कोणी म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही. तुमच्या घरचं खात असताना ते मनात आणायचीही लाज वाटायची.

आता म्हणते. घरामागचं खळं बाबांच्या हिश्श्यातलं आहे. जागा उंच आहे आणि खाली मुरूम आहे. ते मला हवं. बाकीचं वावर तुम्ही पेरत राहा. खळ्यात बारा घरं बसत नाहीत, पाच बसतात. बाकीच्या सातांचं काय, याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. टेकाडासाठी मी पुन्हा लेखी देईन, साहेब पुन्हा चहा मागवतील. पहिलं घर सोजराबाईचं. नकाशात तिचं दार रस्त्याकडे काढलं आहे, आपल्या गोठ्याकडे नाही.

तिला हे सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. पेटी उतरवून तिच्यावर बसली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, तोंडानं नको सांगू. लिहून दे. तूबी त्याइच्याच घरची."

लिहून द्यायचं तर आधी मोजणी हवी.

येत्या सोमवारी मी मोजणीदाराला घेऊन येते आहे. खळ्यातलं भुसकट-कुटार तोवर हलवून ठेवावं. काकूंना सांगा, माझं ताट मांडू नये. मी सोजराबाईकडे जेवेन, तिने वाढलं तर.

शंकररावांची मुलगी
अन्नपूर्णा