सगळ्यात जाड पत्ता

प्रिय चिमणे,

पत्र पाहून घाबरू नकोस, घाबरायचं काम या घरात माझ्याकडे आहे. आई आहे. दोन घास खाते, कूस बदलून दिली की झोपते. फोनवर सगळं बोलता येत नाही, कारण फोन तिच्या उशाशी असतो आणि नजर गेल्यापासून तिचे कान फार तिखट झालेत. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, चुका सांभाळून घे. मधेच उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंद होता.

तू परदेशी जाताना अर्धवट ठेवलेला भविष्याच्या पत्त्यांचा जोड मी पुरा केला. आईने तुला लहानपणी सांगितलेल्या परीकथांतलं एकेक चित्र एकेका पत्त्यावर, आणि न बघता जो पत्ता हाताला येईल तो पुढचं सांगणार, ही तुझी कल्पना मला तेव्हा पोरखेळ वाटली होती. पण पोरीचं काम कपाटात धूळ खात ठेवायचं नाही, असं आईने बजावलं. तेव्हा तिला थोडं दिसत होतं. ती पलंगावरून गोष्ट सांगायची, मी खिडकीपाशी बसून रंगवायचो. मी जन्मभर लोकांची दारं-खिडक्या रंगवली. ऑइल पेंट माणसाला वेळ देतो, चहा पिऊन आलं तरी ओघळ पुसता येतो. तुझं हे ॲक्रिलिक मात्र मी काय करावं ते ठरवेपर्यंत वाळून मोकळं. चेटकीण रंगवताना दोन ब्रश मी वाळवून दगड केले. राजवाड्याला उरलेला चॉकलेटी रंग दिला तर आई म्हणाली, अहो, तो राजवाडा आहे, सरकारी दवाखाना नाही. पत्ते एकमेकांना चिकटतील असं तू सांगितलं होतंस, म्हणून प्रत्येकावर वॉर्निश मारून दोरीवर चिमट्याने टांगले. शेजारची नर्सबाई इंजेक्शन द्यायला येते, ती म्हणाली, आजोबा, तुमच्याकडे राक्षस वाळत घातलाय.

सगळे जमले, एक सोडून. घरी परतलेली मुलगी. जंगलात वाट चुकलेली ती मुलगी शेवटी घरच्या दारात उभी राहते, तो पत्ता. तिला तुझा चेहरा द्यायचा, असं मी मनाशी धरलं होतं. एकदा तुझी लांब वेणी काढली, मग फोनवर तुझे केस कापलेले दिसले म्हणून वेणी झाकायला वर रंग दिला. हनुवटी जमेना. फोनमध्ये तू नेहमी घाईत असतेस, निम्मं कपाळच दिसतं. पुन्हा पांढऱ्या रंगाचा हात दिला, पुन्हा काढलं. चिमणे, बापाला लेकीची हनुवटी आठवू नये, याची मला फार भीती वाटली. शेवटी तिला पाठमोरी काढली. तोवर इतके थर चढले होते की तो पत्ता सगळ्यात जाड झाला.

मग रोज सकाळचा चहा झाला की मी विचारायचो, पोरगी येईल का ग? आई जोड हातात घ्यायची, बोटं फिरवायची आणि एक पत्ता काढून मला द्यायची. दर वेळी तोच. तिला दिसत नाही, मग हा चमत्कारच, असं मी धरून चाललो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. तुझी खोली झाडून घेतली, खिडकीची कडी बसवली.

परवा चष्मा सापडेना. पत्ते आवरत होतो आणि एका पत्त्यापाशी बोटं आपोआप थांबली. उजेडात धरला तर तोच. पुन्हा मिसळले, डोळे मिटले, पुन्हा तोच. पत्ते आवरून जागेवर ठेवले. तिला कळू दिलं नाही. काल सकाळी मुद्दामच विचारलं नाही, तर तीच म्हणाली, आज विचारायचं नाही का? विचारलं. तिच्या हातातून जोड निसटून पांघरुणावर सांडला. ती एकेक पत्ता चाचपत राहिली. कपाळावर घाम आला, धाप लागली, मी राहू दे म्हणालो तरी थांबली नाही. सापडल्यावर माझ्यापुढे धरून म्हणाली, बघा, येतेय. मी म्हटलं, हो ग.

आता औषध बदलण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी मला जिन्यात सांगितलंय. तुझे तिथले राहण्याचे कागद होत नाहीत, आणि तसंच निघालीस तर तुला परत तिथे, तुझ्या लेकरापाशी जाता येणार नाही, हे जावईबापूंच्या बोलण्यावरून मला केव्हाच कळलंय. तरी तू फोनवर पुढच्या महिन्यात येते म्हणतेस. आईसाठी ते म्हणायची गरज नाही. तिने आस सोडलीय, नाहीतर तो पत्ता चाचपून शोधला नसता. उरलोय तो मी एकटा, आणि मला धीर द्यायला ती आपला उरलासुरला जीव त्या पत्त्यांत घालवतेय. म्हणून एवढंच मागणं. मला सरळ लिही, बाबा, मी येत नाही. मी वाचेन, रडेन, आणि मग तिला सांगेन की मला समजलं, आता शोधू नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज तो पत्ता सगळ्यात वर ठेवीन, म्हणजे तिला धाप लागणार नाही.

तुझाच,
बाबा