चेंडू वीतभर राहिला

प्रिय सारथी,

एकाच गावात राहून पत्र कशाला लिहायचे, असे तू नक्की म्हणशील. समोरासमोर बसलो की तू मला एकही वाक्य पुरे करू देत नाहीस. कागदाला मात्र मध्येच तोडता येत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी माझ्या अक्षराला आजवर कोणी नाव ठेवलेले नाही. आज ते नेहमीपेक्षा बरेच मोठे काढले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम कामाचे. तुझी सूनबाई जी खुर्ची माझ्याकडे ठेवून गेली, तिचा मोडका पाय बदलला आहे. नवा पाय सागाचा आहे. बाकीचे तीन त्याच्यापुढे गरीब नातेवाइकांसारखे दिसतात, पण चौघे जमिनीवर एकसारखे टेकतात, हे महत्त्वाचे. खुर्ची मोडली कशी, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “मामंजी धडकले.” मी म्हणालो, भर दिवसा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीला? त्यावर ती पदर सावरून घाईने निघाली. मीही पुढे विचारले नाही.

दुसरी बातमी अशी की, तलावाकाठचे मिनी गोल्फचे मैदान पुन्हा उघडले आहे. आपण गेलो होतो तेव्हा तेथे नुसता चिखल आणि कुलूप होते आणि तू कुलपालाच शिव्या दिल्या होत्यास. आता हिरव्या पट्ट्या नव्या अंथरल्या आहेत. लाकडी पवनचक्कीही आहे, परंतु तिची पाती ओळंब्यात, म्हणजे सरळ रेषेत, नाहीत; सुताराने घाई केलेली दिसते. मी एकटाच जाऊन आलो. एकट्याने खेळण्यात काही राम नाही. चेंडू बोगद्यातून बाहेर पडला की “गुण्या, हे काय सुतारकाम समजलास?” असे ओरडणारे कोणी नसते.

हे नाव तूच मला दिलेस. काटकोन तपासायच्या हत्याराचे नाव माणसाला द्यावे, हा आगाऊपणा तुलाच शोभतो. मीही तुला सारथी केले, कारण जन्मभर बस चालवूनही निवृत्त झाल्यावर तुझे हात चाकावाचून शिवशिवत होते. आठवते ना, तुझी जुनी गाडी तापून रस्त्यात बसली आणि इंजिन थंड होईपर्यंत काय करायचे म्हणून आपण पेट्रोल पंपामागच्या मिनी गोल्फच्या मैदानात शिरलो? दोन म्हातारे काठ्या घेऊन लाकडी विदूषकाच्या तोंडात चेंडू घालत आहेत, हे पाहून पंपावरची माणसे काम सोडून आली. इंजिन केव्हाच थंड झाले, आपण मात्र दिवे लागेपर्यंत तापलेलेच होतो. त्यानंतर कोठे नवे मैदान निघाल्याचे कळले की तू दारात भोंगा वाजवायचास आणि माझी सौभाग्यवती म्हणायची, “जा, साठी बुद्धी नाठी तुम्हाला न्यायला आली.”

आता त्या दिवसाविषयी. स्टेशनमागच्या मैदानात शेवटच्या पट्टीवर तू चेंडू मारलास आणि दोन्ही हात वर केलेस. चेंडू खळगीपासून वीतभर अलीकडे थांबला होता. मी तसे सांगितले. तू म्हणालास, “पायाने सरकवलास, गुण्या! मला काय आंधळा समजलास?” लेकुरवाळी माणसे आजूबाजूला उभी होती. मी काठी तिकीट खिडकीवर जमा केली आणि बसने घरी आलो. पुढे तू गाडी विकल्याचे बाहेरच्यांकडून कळले, तेव्हा मला वाटले, माझ्याशी संबंध तोडण्यासाठीच विकलीस. मी ताठ माणूस आहे. तुझ्या दारावरून जाणे सोडले आणि बाजाराला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो.

परंतु खुर्चीचा पाय तासताना मनही तासले जाते. त्या वर्षी तू आवडीचा लाल चेंडू सोडून पांढरा मागू लागला होतास. पट्टीची कड पायाने चाचपायचास. पवनचक्की मुद्दाम जोरात फिरवतात, अशी तक्रार करायचास. खुर्ची घेऊन जायला सूनबाई आली, तेव्हा मी तिला बसवले आणि स्पष्ट विचारले. मग तिने सांगितले, नजरेच्या मधोमध डाग आला आहे, कडेकडेचे तेवढे दिसते, आणि हे कोणाला, विशेषतः गुण्याला, कळता कामा नये, अशी तुझी ताकीद आहे. खुर्ची मीच पोहोचवीन, असे सांगून मी तिला रिकाम्या हाती परत पाठवले. तिला रागावू नकोस. मी वडीलकीच्या नात्याने विचारले, तिने उत्तर दिले.

मी तुझी क्षमा मागत नाही, कारण मी चेंडू सरकवला नव्हता. तूही मागू नकोस, कारण तू खोटे बोलला नव्हतास. अलीकडे थांबलेला चेंडू तुला दिसलाच नाही, म्हणून तो खळगीत गेला असेच तू धरलेस. पत्र लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. मी एका दांड्याला सायकलची घंटी बसवली आहे. ती खळगीच्या वर धरून वाजवायची आणि खेळणाऱ्याने आवाजाच्या रोखाने मारायचे. तलावाकाठी डोळे मिटून मी स्वतः खेळून पाहिले. घंटी धरायला तिकिटे देणाऱ्या बाई उभ्या राहिल्या होत्या. पहिला चेंडू त्यांच्या नडगीवर बसला, पण पुढचे बरे गेले. तुझे कान तर माझ्यापेक्षा तिखट आहेत. चालत्या बसमध्ये सुटलेला एक स्क्रू तुला ऐकू यायचा. रविवारी सकाळी मी खुर्ची पोहोचवायला येईन आणि तेथूनच आपण बसने जाऊ. अट एकच. चेंडू कोठे थांबला, हे मी सांगेन आणि तू ते मानशील. वीतभर राहिला असेल तर वीतभरच सांगेन. मैत्रीखातर एक बोटसुद्धा कमी करणार नाही.

तुझाच,
गुण्या